कार्यालय जबाबदार राहणार नाही

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर महिन्यातून एकदा तरी जुन्या दिवसांचा उमाळा येतो. कधी शाईची दौत, कधी कंदील, कधी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. मागे एकदा पाळी होती हाताने लिहिलेल्या नोकरीच्या अर्जाची. "त्या अर्जात माणूस दिसायचा, आता नुसती बटणं दाबायची," असा काहीसा मजकूर कुणीतरी पुढे पाठवला आणि माझ्या वयाच्या यच्चयावत मंडळींनी त्याला हात जोडले. मी जोडले नाहीत. धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्ही तर मराठीच्या बाई, तुम्हाला कसं नाही आवडलं?" त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. कागदी अर्ज गेला ते उत्तम झालं. त्याच्यासाठी गळा काढण्याचं काही कारण नाही. पण त्याच्या जागी जे आलं ते अर्जदाराची सोय बघून आलेलं नाही, कार्यालयाची सोय बघून आलेलं आहे. आणि आपण पेन्शनर मंडळी शाई-कागदाच्या आठवणी काढत बसतो, म्हणून जिथे खरं ओरडायला हवं तिथे आपला आवाज निघत नाही.

आधी त्या कागदी अर्जाचं काय ते बघू.

मी बी.ए. झाले १९७३ साली आणि पुढच्या वर्षी बी.एड. त्यानंतरची दीड वर्षं मी अर्ज करण्यात घालवली. तेव्हा शिक्षकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात यायच्या. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.ने यायचं आणि ते वाचनालयात वाचायला मिळेपर्यंत दिवेलागण व्हायची. मग ताव आणायचे, समास पाडायचा, "विनंती अर्ज सादर करते की" पासून "सहानुभूतीने विचार व्हावा ही नम्र विनंती" पर्यंत सुवाच्य अक्षरात लिहायचं. एक खाडाखोड झाली की नवा ताव. झेरॉक्स आमच्या भागात अजून यायचं होतं, त्यामुळे गुणपत्रिकांच्या नकला टंकलेखकाकडून करून घ्यायच्या, प्रत्येक पानाचे पैसे मोजून. त्या नकला खऱ्या आहेत हे सांगायला राजपत्रित अधिकारी शोधायचा. गावात राजपत्रित अधिकारी नसतो. तालुक्याला जायचं, तर साहेब फिरतीवर. पुन्हा जायचं, तर साहेब जेवायला गेलेले. शिक्का उमटवण्यासाठी काही ठिकाणी शिपायाला चहापाणी द्यावं लागायचं, हेही माझ्या वयाच्या लोकांनी जरा आठवून बघावं. त्यानंतर पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट, आणि रजिस्टर करायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे.

इतकं करून मी जेवढे अर्ज पाठवले, त्यातल्या निम्म्यांहून अधिक ठिकाणांहून काहीही उत्तर आलं नाही. माझी तिकिटं लावलेली पाकिटं कुठे गेली देव जाणे. एका संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं ते मुलाखत होऊन चार दिवसांनी. वडिलांनी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं, शिक्क्यावरची तारीख पाहिली, आणि काही न बोलता कोनाड्यात ठेवून दिलं.

यात कुठला माणूस दिसत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

आता कागदी अर्जाच्या बाजूने जे मुद्दे मांडतात ते एकेक घेऊ. पहिला मुद्दा अक्षराचा. अक्षरावरून स्वभाव कळतो म्हणे. मी बत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. मोत्यासारखं अक्षर असलेली आळशी मुलं पाहिली आहेत आणि मुंग्या पाण्यात बुडवून कागदावर सोडल्यासारखं अक्षर असलेली बुद्धिमान मुलंही पाहिली आहेत. अक्षरावरून मला एवढंच कळायचं की या मुलाच्या घरी बसायला पाट आणि उजेड आहे की नाही. अर्ज हातात घेणाऱ्याला मात्र त्याहून पुष्कळ कळायचं. आडनाव, गाव, शाळा, आणि बाईमाणूस असेल तर विवाहित की अविवाहित. अर्ज उघडायच्या आधी पाकिटावरूनच निवड व्हायची, हे काय आपल्यातल्या कुणाला माहीत नाही?

दुसरा मुद्दा कष्टाचा. कागदी अर्जाला कष्ट पडायचे म्हणून खरोखर गरजू माणूसच अर्ज करायचा, आता उठसूट कुणीही करतो, असं म्हणतात. या मुद्द्याला वरवर वजन आहे. २०१५ साली उत्तर प्रदेशात सचिवालयातल्या शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले, त्यात अडीचशेहून अधिक पीएच.डी. झालेले होते, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली आहे. २०१८ साली रेल्वेच्या सुमारे ९० हजार जागांसाठी दोन कोटींच्या वर अर्ज गेले. आपल्याकडे २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेला शंभर. हे आकडे दाखवून कुणी म्हणेल की बघा, बटण दाबणं सोपं झालं म्हणून ही झुंबड. अहो, पीएच.डी. झालेला मुलगा शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतो तो बटण दाबणं सोपं आहे म्हणून करत नाही. त्याला दुसरीकडे काम नाही म्हणून करतो. आणि कष्टाची चाळणी लावली तर तीतून कोण गळतं? ज्याच्या गावातून तालुक्याला दिवसाला दोनच एस.टी. गाड्या आहेत तो गळतो. ज्या मुलीला एकटीने तालुक्याला जाऊ देत नाहीत ती गळते. ज्याचे मामा कचेरीत आहेत तो काही गळत नाही. ही चाळणी गुणवत्तेची कधीच नव्हती, ती अंतराची आणि ओळखीची होती.

तिसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. रजिस्टर केलेल्या अर्जाची पावती आपल्या हातात असायची. पोचपावती जोडली असेल तर ज्याने अर्ज घेतला त्याची सही घेऊन ते कार्ड परत आपल्या दारात यायचं. ज्याला रजिस्टरचा खर्च परवडत नसे तो यूपीसी करायचा. पोस्टमास्तर एका चिठोऱ्यावर शिक्का मारून द्यायचे की अमुक पत्त्याचं पत्र अमुक दिवशी टाकलं गेलं. पत्र पोचलं याचा तो पुरावा नव्हता, पण मी माझं काम वेळेत केलं याचा होता. ती यूपीसी २०११ साली बंद झाली. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवासुद्धा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तेव्हा कागदाकडे परत जाऊ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ज्या रस्त्याने परत जायचं तोच आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

तर ही झाली कागदाची बाजू. पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

जुन्या जाहिरातींच्या तळाशी एक वाक्य असायचं. वाचकांपैकी माझ्या पिढीच्या लोकांना ते पाठ असेल: "टपालातील विलंबास कार्यालय जबाबदार राहणार नाही." आजची कुठलीही भरतीची जाहिरात उघडा. कागद गेला, पाकीट गेलं, तिकीट गेलं, पण हे वाक्य तसंच आहे. फक्त टपालाच्या जागी सर्व्हर, इंटरनेट किंवा तांत्रिक अडचण आली. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडलं तर कार्यालय जबाबदार राहणार नाही. बँकेतून पैसे कापले गेले आणि अर्जात नोंद झाली नाही तर कार्यालय जबाबदार राहणार नाही. मी व्याकरण शिकवणारी बाई आहे, म्हणून सांगते, या वाक्यात कार्यालय हा एकच कर्ता आहे आणि क्रियापद नकारार्थी आहे. पन्नास वर्षांत यंत्रं बदलली, ते नकारार्थी क्रियापद काही हललं नाही.

टपालाच्या बाबतीत या वाक्यात थोडा तरी अर्थ होता. टपालखातं वेगळं, भरती करणारं कार्यालय वेगळं. दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी आपण का घ्यावी, असं म्हणायला जागा होती. पण आता संकेतस्थळ कोणाचं? कार्यालयाचं, किंवा कार्यालयाने नेमलेल्या कंपनीचं. कंपनी कुणी निवडली? कार्यालयाने. आपल्याच घराचं दार आपणच बंद केलं, आणि वर पाहुणा वेळेत आला नाही म्हणायचं, असा हा प्रकार आहे. आपल्या राज्यात 'महापरीक्षा' पोर्टल २०१७ साली आलं आणि उमेदवारांच्या तक्रारींचा डोंगर झाल्यावर २०२० मध्ये बंद करावं लागलं. त्या तीन वर्षांत ज्यांची वयोमर्यादा ओलांडून गेली त्यांना कोण जबाबदार राहिलं?

आता पैशांचं बघा. कागदी अर्ज आला की कार्यालयात पाकिटं फोडायला कारकून लागायचा, नोंदवहीत चढवायला दुसरा, छाननीला तिसरा. अर्ज ऑनलाइन झाल्यावर हे काम उमेदवार स्वतःच करतो. आपलं नाव तोच टंकतो, गुण तोच भरतो, फोटो तोच चढवतो. कार्यालयाचं काम कमी झालं. मग शुल्क कमी व्हायला हवं की वाढायला? २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होतं. जागा साडेचार हजारांच्या घरात आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. ढोबळ हिशेब केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या पुढे जाते. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद भरतीतही शुल्क तेवढंच, आणि एका उमेदवाराने दोन पदांसाठी अर्ज केला तर दोनदा भरायचं. त्याच्या आधीची जिल्हा परिषदांची जाहिरात २०१९ सालची. मुलांनी पैसे भरले, वर्षं गेली, आणि ती भरतीच रद्द झाली. पैसे परत देऊ म्हणाले, पण त्यासाठी पुन्हा ऑनलाइन जाऊन माहिती भरायची.

या शुल्काच्या समर्थनार्थ सांगितलं जातं की परीक्षा घेणाऱ्या कंपनीला पैसे द्यावे लागतात, आणि शुल्क नसेल तर ज्यांना परीक्षेला बसायचंच नाही तेही अर्ज करतील. दोन्ही मुद्दे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण मग केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे बघा. आय.ए.एस. निवडणाऱ्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेचं शुल्क १०० रुपये आहे, आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. जिल्हाधिकारी व्हायच्या परीक्षेला शंभर आणि त्याच्या हाताखालच्या तलाठ्याच्या परीक्षेला हजार, हे गणित मला कुणी फळ्यावर सोडवून दाखवावं. दुसरं उदाहरण रेल्वेचं. २०१८ पासून रेल्वेच्या त्या मोठ्या भरतीत ५०० रुपये घेतात आणि उमेदवार परीक्षेला बसला की त्यातले ४०० परत करतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंकडून २५० घेतात आणि परीक्षेला बसल्यावर बँकेचा आकार वजा करून बाकी परत देतात. म्हणजे उगाच अर्ज करणाऱ्याला चाप बसतो आणि मन लावून परीक्षेला बसणाऱ्याला भुर्दंड पडत नाही. ज्यांच्या डोक्यात हा विचार आला त्यांना मी दहापैकी नऊ गुण देईन. रेल्वेला जमतं ते आमच्या राज्याला का जमू नये?

शिवाय हे शुल्क सोडून बाकीचा खर्च आहेच. ज्याच्या घरी संगणक नाही तो महा ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत जातो. तिथे अर्ज भरून देण्याचे वेगळे पैसे. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, असले हिशेब मोबाईलवर जमवताना मुलं रडकुंडीला येतात. बँकांच्या भरतीत आयबीपीएस डाव्या अंगठ्याचा ठसा मागते आणि स्वतःच्या हस्ताक्षरातलं एक घोषणापत्रही स्कॅन करून मागते. तर हाताने लिहिण्याची हौस असलेल्या मंडळींनो, आनंद माना, हस्ताक्षर पूर्ण गेलेलं नाही! फक्त ते घोषणापत्र इंग्रजीतच लिहायचं असतं. सहीही आली, अंगठाही आला. साक्षर आणि निरक्षर दोघांच्या खुणा एकाच उमेदवाराकडून घेतल्या, तरी विश्वास काही बसत नाही.

आणि या सगळ्याच्या वर कडी म्हणजे 'हार्ड कॉपी'. अर्ज ऑनलाइन करा, मग त्याचा प्रिंट काढा, त्याला सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडा, दोन संच करा आणि समक्ष किंवा टपालाने पाठवा. कागद वाचवण्यासाठी संगणक आणला आणि कागद दुप्पट झाला. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा जाच २०१५ मध्ये आपल्या राज्य शासनाने स्वयंसाक्षांकन मान्य करून कमी केला, हे फार चांगलं काम झालं. त्याच वर्षी डिजिलॉकर आलं, आणि त्यातली प्रमाणपत्रं मूळ प्रमाणपत्रांच्या बरोबरीची मानावीत असा नियम केंद्र सरकारने २०१७ मध्ये केला. इतकं असूनही माझ्या नातीला एका ठिकाणी विचारलं गेलं, "मोबाईलमधलं नको, झेरॉक्स कुठाय?" मी तिला म्हटलं, तू दोन पिढ्यांचे अर्ज एकदम करते आहेस, माझाही आणि तुझाही.

काही जण म्हणतील, कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. ई-मेलसारख्या नोंदीला त्याने मान्यता दिली. ती नोंद ठरवून दिलेल्या संगणकात शिरली की पोचली असं समजावं, हेही त्यात आहे. पण त्याच कायद्याचं नववं कलम असं सांगतं की सरकारी कार्यालयाने तुमचा अर्ज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घ्यावा असा आग्रह धरण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. म्हणजे कार्यालयाची मर्जी असेल तर ऑनलाइन, मर्जी असेल तर कागद, आणि मर्जी असेल तर दोन्ही. उमेदवाराच्या मर्जीचं कलम मला त्यात कुठे दिसलं नाही.

एवढं सगळं बोलल्यावर कुणी म्हणेल, बाई, मग कागदच बरा होता की! नाही. आणि का नाही, तेही सांगते, कारण तो माझ्या स्वतःच्या पेशातला विषय आहे.

खाजगी शाळांमधली शिक्षक भरती पूर्वी कशी व्हायची हे मी आतून पाहिलं आहे. जाहिरात यायची, शंभर-दीडशे अर्ज यायचे, कपाटात गठ्ठा बांधून ठेवला जायचा. निवड मात्र जाहिरात छापायच्या आधीच झालेली असायची. 'इमारत निधी'ला कोण किती देणार, त्यावर. सगळ्या संस्था अशा नव्हत्या, हे मी कृतज्ञतेने सांगते. मला स्वतःला एक पैसा न देता नोकरी मिळाली. पण पुष्कळ होत्या, आणि शेतीचा तुकडा विकून किंवा बायकोचे दागिने मोडून मास्तर झालेले लोक आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत. त्या गठ्ठ्यातले बाकीचे अर्ज कुणी वाचले, कुणाचे गुण किती होते, याचा माग कुणालाच काढता यायचा नाही. गठ्ठा रद्दीत गेला की पुरावा संपला.

२०१७ मध्ये राज्यात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टल आलं. उमेदवारांचे गुण दिसू लागले, प्राधान्यक्रम उमेदवार स्वतः देऊ लागला, मुलाखतीशिवाय निवडीचा मार्ग निघाला. त्यात दोष आहेत. सर्वांत मोठा दोष म्हणजे पहिली चाचणी २०१७ च्या डिसेंबरात आणि दुसरी थेट २०२३ साली. मधल्या पाच वर्षांत किती डी.एड., बी.एड. झालेल्या मुलांनी पेट्रोल पंपावर आणि दुकानांत नोकऱ्या धरल्या. तिसरी २०२५ मध्ये झाली. मुलाखतीचा पर्याय घेणाऱ्या संस्थांमध्ये जुना खेळ नव्या पद्धतीने खेळता येणार नाही, अशी खात्री मी देत नाही. पण एक गोष्ट बदलली. बिनपैशाच्या मुलाला आता निदान "माझे गुण इतके आहेत, माझ्या खालचा कसा घेतला?" हे विचारता येतं, आणि विचारण्यासाठी त्याच्या हातात आकडा असतो. मी तीस वर्षांत कुणाला तो प्रश्न विचारताना पाहिलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी मी सगळे ताव, दौती आणि बोरू ओवाळून टाकायला तयार आहे.

म्हणून माझी मागणी मागे जाण्याची नाही, जे अर्ध्यावर थांबलं आहे ते पुरं करण्याची आहे. कागद घ्यायचा नसेल तर कुठेच घेऊ नका, शेवटच्या पडताळणीला मूळ प्रमाणपत्रं बघा आणि तिथेच सोडा. शुल्क घ्या, पण परीक्षेला बसणाऱ्याला परत द्या, आणि भरती रद्द झाली तर न मागता परत द्या. संकेतस्थळ जितके तास बंद राहील तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे, त्यासाठी मुलांना ट्विटरवर गयावया करायला लागू नये. आणि अर्ज मराठीतून भरता आला पाहिजे. महाराष्ट्रातल्या गावात काम करणारा तलाठी निवडायचा तर त्याचा अर्ज देवनागरीत भरण्याची सोय हवीच हवी.

आणखी एक. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाचा दाखला मागायला गेलात तर तुम्हाला पोच मिळते, अर्ज क्रमांक मिळतो, किती दिवसांत दाखला देणार ती मुदत मिळते, आणि ती पाळली नाही तर अपील करता येतं. दाखल्याच्या अर्जाला जे मिळतं ते नोकरीच्या अर्जाला का मिळू नये? सरकारी पोर्टल अर्ज क्रमांक देतं, हे खरं. पण निकाल कधी लावणार याची मुदत कुणी देत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला "थांब" म्हणून सांगायचं आणि तो अठ्ठावीसचा होईपर्यंत सांगायचंच नाही की कशासाठी थांबायचं, हा अन्याय आहे.

हे झालं सरकारचं. खाजगी नोकऱ्यांमध्ये तर सरळ ई-मेलने अर्ज जातो. नोकरीची संकेतस्थळं आपल्या देशात १९९७ पासून आहेत. पीडीएफ जोडली, पाठवली, झालं. खर्च शून्य, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते. पण उत्तर? एक तर काहीच नाही, नाहीतर 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' असं लिहिलेलं यंत्राचं पत्र. माझा भाचेजावई पुण्याला एका कंपनीत माणसं भरती करण्याच्या खात्यात आहे. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, दिवसाला चारशे मेल येतात, कुणाकुणाला उत्तर देणार?" मी त्याला म्हटलं, माझ्या वर्गात साठ मुलं होती, असे पाच वर्ग होते, आणि तीनशे वह्यांमधली एकही वही मी न तपासता परत केली नाही. लाल शाईने निदान "पाहिले" एवढं तरी लिहायचे. तुला तर हाताने लिहायचंही नाही. "आपली निवड झालेली नाही, शुभेच्छा" हे एक वाक्य चारशे जणांना पाठवायला तुझ्या यंत्राला किती क्षण लागतात?

तो हसला. पण मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याच घरात बघा. एक पुतण्या बँकेत अधिकारी आहे, एक भाऊ शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, ठाण्याच्या वहिनींचा स्वतःचा कारखाना आहे, न्यूजर्सीचा भाचा तर रोज माणसं निवडतो. आपण सगळे अर्ज करणारे होतो, आता आपल्यातले बरेच जण अर्ज घेणारे झालो आहोत. शासनाचा नियम बदलायला वर्षं लागतील. तुमच्या टेबलावरच्या अर्जाला उत्तर द्यायला शासननिर्णय लागत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. कारखान्याच्या जाहिरातीच्या तळाशी ते जुनं वाक्य असेल तर वहिनींनी ते काढून टाकावं आणि त्या जागी लिहावं की प्रत्येक अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर दिलं जाईल. आणि भाऊ, तुमच्या संस्थेच्या कपाटात गेल्या वर्षीच्या अर्जांचा गठ्ठा अजून असेल, तर पुढच्या बैठकीच्या आधी तो सोडा. त्यावर पत्ते आहेत, मोबाईल नंबर आहेत. ज्यांना घेतलं नाही त्यांना तसं कळवा. दीडशे फोन म्हणजे एका कारकुनाचा दोन दिवसांचा उद्योग. ती मुलं अजून वाट बघत असतील.